बकुळा उभी राहिली

"ही घोडी सोडून द्या डॉक्टर," दादा म्हणाला. "माझ्या भनीबिगर अंगाला हात लावू देत न्हाय कुणाला."

डॉक्टर पाथरकरांनी वहीतून मान वर केली. आमच्या डोंगरावरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात येऊन त्यांना तीनच महिने झाले होते. सकाळपासून पठारावरच्या घोड्यांचं रक्त काढून काढून त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि एका तट्टानं त्यांच्या बुटावर नेमका पाय दिला होता. शेजारच्या डोंगरावर एका घोड्याला ग्लँडर्स झाल्याचं निघालं होतं. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर गाठी, जनावराला औषध नाही आणि वर माणसालाही लागणारा रोग. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक जनावराचं रक्त तपासायला पाठवायचा हुकूम आला होता. आम्ही पर्यटकांना घोड्यावर फिरवून पोट भरणारी माणसं. हंगामाच्या तोंडावर असलं काही कानावर आलं की आम्ही वर्षभराची कमाई बुडाली असंच धरून चालतो.

"राहू दे मग," डॉक्टर म्हणाले. "एखादं राहिलं तर पुढच्या फेरीत बघू. मलाही लाथ खायची हौस नाही."

ते पेटी बंद करायला लागले. दादाला हायसं वाटलं. आणि मी, यमुना, हणमंत रांजण्याची सासरहून परत आलेली बहीण, पुढं झाले आणि म्हणाले, "माझी घोडी उभी राहील."

कठड्यावर बसलेला गेनबा ढेबे हसला. गेनबाकाका पठारावरचा सगळ्यात जुना घोडेवाला. कुणाच्या घोड्याची पाळी आधी आणि कुणाची मागं, यावर रोज भांडणं व्हायची आणि त्यात त्याचा शब्द शेवटचा असायचा. मी बकुळाला पहिल्यांदा पठारावर आणली तेव्हा तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, की बाईच्या हातातलं घोडं नुसतं लाडावतं, कामाचं राहत नाही. ते बोलणं माझ्या मनातून गेलं नव्हतं.

"धरनार कोन तिला?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

मी बकुळाला मोकळ्या जागी आणलं, हातातला दोर जमिनीवर टाकला आणि तिच्या तोंडासमोर दोन पावलांवर उभी राहिले. श्वास सोडला, खांदे सैल केले. तिनं मान खाली घातली. डॉक्टर बिचारे भीतभीत तिच्या डाव्या बाजूला आले, मानेवरची शीर बोटानं चाचपली आणि सुई घातली. बकुळाचा एक कान त्यांच्याकडं वळला, दुसरा माझ्याकडं राहिला. पाय हलला नाही. नळी भरली, सुई निघाली, डॉक्टरांनी कापूस दाबून धरला, तरी ती तशीच उभी. मग गेनबाकाकानं विडी कठड्यावर विझवली आणि म्हणाला, "मानलं, पोरी."

एवढे दोनच शब्द, पण त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, वन्सं, आज गालातल्या गालात का हसताय, तर मला अजूनच हसू आलं. तिला मी तीन वेळा सगळं सांगितलं. तिनंही बिचारीनं तीन वेळा ऐकून घेतलं.

बकुळाला तिथवर आणायला वर्ष गेलं होतं. दादानं तिला खालच्या बाजारातून आणली ती स्वस्तात मिळाली म्हणून. तांबूस अंग, कपाळावर करंगळीएवढा पांढरा टिळा, आणि चाल अशी की दादा बघताक्षणी भुलला. ती स्वस्त का होती ते घरी आल्यावर कळलं. आधी ती लग्नाच्या वरातीत नाचवायची घोडी होती. हलगीच्या ठेक्यावर पाय उचलायला शिकवायचं म्हणून कुणीतरी तिला दोन खांबांच्या मध्ये बांधून कानाजवळ चाबूक वाजवला होता, एकदा नाही, महिनोन् महिने. नाच तर ती शिकलीच नाही. पण माणसाचा हात तिच्या कानाच्या वर गेला की तिचा थरकाप व्हायचा. लगाम चढवायला दादानं हात उचलला तर तिनं त्याला भिंतीशी चेपला. दुसऱ्या दिवशी मनगटाला चावली. चार दिवसांत दादानं निकाल दिला, दिवाळीपर्यंत ठेवू, नाही सुधारली तर वीटभट्टीवर.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नवऱ्यानं मला सोडलं म्हणायचं की मी त्याला, हे गावानं अजून ठरवायचं होतं. घरात मला काम भरपूर आणि जागा थोडी. तबेल्यात लीद काढताना ती घोडी कोपऱ्यातून माझ्या हातांकडं बघत राहायची. तिच्याकडं कुणी फिरकत नव्हतं, तसं माझ्याकडंही नव्हतं. एक दिवस मी दादाला म्हणाले, ही मला दे. तो म्हणाला, घे बाई, पण दात पडले तर माझ्याकडं रडत येऊ नको.

मला शिकवलं इसाकचाचानं. तो पूर्वी शहरात पोलिसांच्या घोड्यांची देखभाल करायचा. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली, तेव्हा गावी परत आला. आमच्या तबेल्यासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि तिथून मला धारेवर धरायचा. पहिले तीन आठवडे त्यानं मला घोडीला हातच लावू दिला नाही. कुंपणाच्या आत तिच्याकडं पाठ करून बसायचं आणि जुने पट्टे शिवायचे, एवढंच काम. मला वाटलं, म्हातारा फुकटात पट्टे शिवून घेतोय. बाविसाव्या दिवशी माझ्या मानेवर गरम श्वास आला. मी वळणार तेवढ्यात चाचा खुर्चीतून म्हणाला, "वळू नको. शिव."

मग लांब दोर आला. मी मधे उभी आणि बकुळा माझ्याभोवती गोल. सुरुवातीला ती मान बाहेर वळवून नुसती पळायची. मी दोर ओढला की ती दुप्पट ओढायची. माझ्या तळहाताची सालं निघाली आणि चाचाचा पारा चढला.

"वढून काय शिकणार ती? तू दोर ढिला सोडतीस ना बेटी, ती तवा शिकती. जरा ऐकलं की सोड. लगेच सोड."

हे कळायला मला महिना लागला. तिचा आतल्या बाजूचा कान माझ्याकडं वळला की दोर ढिला. मान खाली आली की दोर ढिला. रिकामंच तोंड चघळायला लागली, म्हणजे सैल पडली, की आपण पाठ फिरवायची आणि तिच्यापासून लांब चालायला लागायचं. एक दिवस मी अशी पाठ फिरवून चार पावलं गेले तर दोर ताणला गेला नाही. वळून बघते तो ती माझ्यामागं आलेली, नाक माझ्या दंडाला टेकलेलं. चाचानं तोंड फिरवून डाव्या हातानं डोळे पुसले. मी आपली मोठ्यानं रडले, मला काही त्याची लाज वाटली नाही.

सगळ्यात जास्त दिवस त्या कानाला लागले. मी हात खांद्याएवढा उचलायचे. ती थरथरली की तिथंच धरून ठेवायचे, शांत झाली की खाली घ्यायचे. रोज बोटभर वर. दिवाळीला आठवडा राहिला असताना मी हात ताठ वर, तिच्या कानावर धरला, तर तिनं डोळे मिटले आणि कपाळ माझ्या पोटाला टेकवलं. दादा दारात उभा राहून बघत होता. वीटभट्टीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पुढं पाठीवर आधी गोणपाट, मग खोगीर, मग खोगिरावर पोत्यासारखी आडवी पडलेली मी. नीट मांड टाकून बसले ती पौष महिन्यात. पठारावर धुकं होतं आणि पर्यटक अजून हॉटेलात झोपले होते. लगाम मी नावाला धरला होता. मी डावीकडं बघितलं की ती डावीकडं वळायची, कारण बघताना माझं अंग जेवढं वळायचं तेवढं तिला पुरायचं. मी श्वास सोडून खोगिरात जड बसले की ती थांबायची. पठाराच्या टोकापर्यंत आम्ही दुडक्या चालीनं गेलो, आणि येताना मी पुढं वाकले. माहेरी, सासरी, कुठंच माझं म्हणणं कुणी चार वेळा सांगूनही ऐकलं नव्हतं. आणि इथं कुणीतरी माझ्या श्वासावर धावत होतं. मी त्या धुक्यात एकटीच हसत होते.

त्या उन्हाळ्यात आणि नंतर बकुळानं पठारावर काम केलं. लेकरं घेऊन आलेल्या बाया मुद्दाम मला शोधत यायच्या. म्हणून रक्त काढायच्या दिवशी मी जे केलं ते उगाच नव्हतं. मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

अकरा दिवसांनी डॉक्टर पाथरकर मोटरसायकलवरून आले. तबेल्यात न येता बाहेरच थांबले. तोंडाला मास्क होता. मला बघून त्यांनी तो खाली ओढला, मग काहीतरी आठवल्यासारखा परत वर घेतला.

"यमुनाताई, बकुळाचा नमुना पॉझिटिव्ह आलाय."

मला आधी अर्थच लागला नाही. मी त्यांना म्हणाले, ती नीट खाते, नाक स्वच्छ आहे, अंगावर एक गाठ नाही, बघा हवं तर. त्यांनी समजावलं, की काही जनावरांत रोग महिनोन् महिने आत बसून असतो, बाहेर काही दिसत नाही, पण दुसऱ्यांना लागत राहतो. आता बकुळाला वेगळं बांधायचं. सगळ्या पठाराचं रक्त पुन्हा काढायचं. तिचा दुसरा नमुनाही तसाच आला तर तिला ठेवता येणार नाही. कायदाच तसा होता.

"ठेवता येणार नाही म्हणजे?" मी विचारलं. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"इंजेक्शन द्यावं लागतं, ताई. दुखत नाही."

ते गेल्यावर दादा म्हणाला, "मी सांगत हुतो, सोडून द्या म्हनून." एवढं बोलून त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो उठून दुसऱ्या घोड्यांना पाणी पाजायला गेला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आज अठरा वर्षं झाली, तरी ते वाक्य मला त्याच्याच आवाजात ऐकू येतं. मला सगळे समजावतात, की तिचं रक्त त्या दिवशी नसतं काढलं तर आणखी किती घोड्यांना लागलं असतं, किती माणसांना. खरं आहे. मी ते कधी नाकारलं नाही. पण माझं तोंड उघडलं ते त्यासाठी नव्हतं. ते उघडलं गेनबाकाकाला दाखवायला.

दुसरा नमुना घ्यायला चार दिवसांनी येणार होते. त्या चार दिवसांत मी एक ठरवलं. ती उभी राहायला नको. उभी राहिली नाही तर रक्त निघणार नाही, रक्त निघालं नाही तर काही दिवस मिळतील. त्या दिवसांचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. नुसते दिवस हवे होते.

डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे घालून आले. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बकुळा एकटी बांधली होती. त्यांना बघून ती फुरफुरली, मागं सरली. मला वाटलं, माझं काम सोपं झालं. चाचा लांब खुर्चीत बसला होता. डॉक्टर सुई काढून जवळ यायला लागले, तसा मी दोराचं टोक मुठीत धरलं आणि हात एकदम वर, तिच्या कानावर उगारला. त्या कुणा माणसानं चाबूक उगारला असेल तसा.

ती मानेपासून शेपटीपर्यंत थरथरली. कान मागं पडले. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मग मान खाली घातली, डोळे मिटले आणि कपाळ माझ्या पोटाला टेकवलं.

मी परत हात उगारला. दोराचा फटका शेडच्या खांबावर मारला. मोठा आवाज झाला, पत्रे वाजले. ती जागची हलली नाही. मी तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा चाचाचा आवाज आला. या वेळी तो ओरडला नाही.

"बस कर बेटी. तिला वाटतंय तू कायतरी नवीन शिकवतीयस."

माझा हात खाली आला. डॉक्टरांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी रक्त काढलं, नळीवर चिठ्ठी लावली आणि गेले. वर्षभर मेहनत करून मी तिची जी भीती घालवली होती, ती मला एका दिवसापुरतीसुद्धा परत आणता आली नाही.

मग वाट बघणं. पठारावर घोडे बंद झाले होते, पर्यटक मोटारीतून येऊन फोटो काढून जात होते आणि घोडेवाले कठड्यावर रांगेनं बसलेले असायचे. माझ्याशी कुणी वाकडं बोललं नाही, पण माझ्या शेजारी कुणी बसतही नव्हतं. डॉक्टरांनी मला रबरी हातमोजे दिले होते. ते घालून मी खरारा करायला गेले की बकुळा हात हुंगायची आणि तोंड वळवायची. तिसऱ्या दिवशी मी मोजे काढून टाकले. त्यावरून डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं आणि माझं नि चाचाचं रक्तही तपासायला पाठवलं. आम्हाला काही झालेलं नव्हतं.

एका सकाळी मी तिला सोडली. खोगीर नाही, लगाम नाही, नुसता गळ्यात दोर. खाली कोकणात उतरणारी जुनी पायवाट आहे, त्या वाटेनं दिवसभर चाललं तर माझ्या मावशीच्या गावात पोचता येतं. मावशीच्या रानात कोण बघायला येणार होतं? आम्ही निम्मी वाट उतरलो. वळणावर खालचा झरा दिसला. तिथं खालच्या वाडीतले चार-पाच घोडे पाणी पीत होते आणि बायका धुणं धूत होत्या. बकुळानं कान ताठ केले आणि खिंकाळली. इतके दिवस ती एकटी होती. खालून एक घोडा खिंकाळला, मग दुसरा. ती मला ओढत नव्हती. मी पुढं निघायची वाट बघत नुसती उभी होती.

मी तिथं किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर ती आली असती. मी मागं वळले, आणि ती वळली.

दुसरा नमुनाही पॉझिटिव्ह आला.

पठाराच्या पलीकडं, झुडपांच्या मागं जेसीबीनं खड्डा खणला. चुन्याची पोती आली. दादा म्हणाला, यमे, तू येऊ नको, मी धरतो. मला ते ऐकून बरं वाटलं, हेही सांगितलंच पाहिजे. मी म्हणाले, बरं. मी स्वयंपाकघरात चुलीसमोर बसले आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. वहिनी माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती. काही वेळानं तिनंच माझे हात बाजूला केले. दारात दादा उभा होता. ओठ फुटून रक्त आलेलं, सदरा फाटलेला.

"ती उभी ऱ्हात न्हाय," तो म्हणाला. "दोघांना आपटलंय. आता फास टाकून पाडावी लागंल म्हनत्यात." मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू आलीस तर..."

मग मी गेले.

चौघांनी चारी बाजूंनी दोर ताणून धरले होते. मधे बकुळा, घामानं काळी पडलेली, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. वर्षापूर्वी बाजारातून आली तेव्हा होती तशी. मी म्हणाले, दोर सोडा. कुणी सोडेना. मी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली आणि एकेक दोर ढिला पडला.

मी तिच्यासमोर उभी राहिले. श्वास सोडायचा होता, पण तो मला घेताच येत नव्हता. तरी तिचा एक कान माझ्याकडं वळला. मग दुसरा. ती चार पावलं चालत माझ्याकडं आली आणि मान खाली घातली. मी तिच्या टिळ्यावर हात ठेवला. डॉक्टर हळूच बाजूनं आले. आधी गुंगीचं इंजेक्शन आणि मग दुसरं, असं त्यांनी मला सांगितलं. तुम्ही बघू नका, असंही म्हणाले. मी बघितलं. ती मला बघत असताना मी कुठं बघणार होते?

पहिली सुई निघाल्यावर ते म्हणाले, "ताई, आता मागं सरा. अंगावर पडेल."

मी दोन पावलं मागं सरले. बकुळाचे पाय लटपटायला लागले होते. तिनं एक पाऊल उचललं आणि ती माझ्यामागं आली. मी आणखी मागं सरले. ती आणखी एक पाऊल आली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "थांबा ताई, एका जागी थांबा. नाहीतर ती येतच राहील."

मी थांबले. तिचं नाक माझ्या दंडाला टेकलं आणि तिचे पुढचे गुडघे वाकले. दादानं मला बाजूला ओढलं. दुसरं इंजेक्शन तिला जमिनीवर दिलं.

त्यानंतर वीस-बावीस दिवस मी तबेल्यात पाऊल टाकलं नाही. चाचानं दोनदा निरोप पाठवला, मी गेले नाही. दादाला मी सांगून टाकलं, की आता घोड्याच्या अंगाला हात लावणार नाही, घरातलं काय ते काम सांग. मी भांडी घासायचे, धुणं धुवायचे आणि दुपारी भिंतीकडं तोंड करून पडायचे.

अशाच एका दुपारी गेनबाकाका आला. आमच्या दारात तो कधी आला नव्हता. टोपी काढून हातात धरली होती. मी बस म्हणाले, तो बसला नाही. त्याचा पांढरा घोडा, पतंग, चौदा वर्षं पठारावर होता. गावातली निम्मी पोरं त्याच्यावर बसून पहिल्यांदा घोडा शिकलेली. दुसऱ्या फेरीत त्याचं रक्त खराब निघाल्याचं मी ऐकलं होतं.

"पतंगचं परत बी तेच आलं," तो म्हणाला. "उद्या नेनार."

तो काय मागायला आलाय ते मला कळलं होतं आणि तो ते बोलू नये असं मला वाटत होतं.

"मीच धरीन म्हनलं हुतं. पन माझं हात कापत्यात, यमुना. त्येला ते लगेच कळतं. बुजतो. काल नुस्ता दोर धरला तरी बुजला." तो टोपी बोटांत फिरवत होता. "तुझ्याजवळ उभा ऱ्हाईल. तू ये."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"त्याला कुठं खाजवलेलं आवडतं?" मी विचारलं.

गेनबाकाकानं स्वतःच्याच मानेला मागं हात लावून जागा दाखवली, आणि हात तिथंच ठेवून रडायला लागला.

त्या हंगामात पठारावरून बकुळा धरून सात जनावरं गेली. सातही माझ्याजवळ शांत उभी राहिली.